मैदान निर्धोक

३ मार्च

आज शपथ घेतली. कागदाकडे न बघता घेतली. तोफखान्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला पाच ओळी पाठ होऊ नयेत म्हणजे काय! मी बोलत असताना अध्यक्ष मध्येच म्हणाले, "सन्माननीय सदस्य, ध्वनिक्षेपक चालू आहे." नव्या लोकांना सगळ्यांनाच ही सूचना देत असावेत.

आसन चौथ्या रांगेत, खांबाला लागून. सभागृहात शिस्त नावालाही नाही. एक जण बोलत असताना दहा जण उभे राहतात, आणि बोलणारे असं पुटपुटतात की अर्धं कळत नाही. तोफांवर कोणी असं बोललं असतं तर गोळे आमच्याच भटारखान्यात पडले असते. संध्याकाळी हिला हे सांगितलं, तर म्हणाली, "अहो, उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?" मी बोलतो काय, ही बोलते काय!

लष्करी नोंदवहीचा नियम असा की नवा माणूस आला की आधी त्याची ओळख लिहायची. ही म्हणजे माझी बायको. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, पण लाल पेन काही निवृत्त झालं नाही. माझी भाषणं तपासते. प्रचारात एका भाषणाला दहापैकी चार गुण दिले होते. चालताना नेहमी माझ्या उजव्या हाताला येते. बहुधा सवय असावी.

८ मार्च

दोन दिवस मतदारसंघात. कार्यालय म्हणजे बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानाची पुढची खोली. टेबलाच्या कडेवर अजून मापाच्या खुणा आहेत. शेजारी पोस्ट. दारात सकाळपासून रीघ, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: मैदान कधी?

मैदान म्हणजे शहराच्या उत्तरेचं तोफांच्या सरावाचं मैदान. चार गावांची शेतं आणि चराऊ रानं सरकारने साठ वर्षांपूर्वी त्यासाठी घेतली. सैन्याने सराव बंद करून सात वर्षं झाली, तरी जमीन काही परत मिळत नाही. दर वेळी कुठल्यातरी खात्यात घोडं पेंड खातं. 'मैदान परत आणीन' एवढा एकच शब्द मी दिला आणि अकराशे मतांनी निवडून आलो.

पहिला आला ट्रॅक्टरवाला. भाड्याने नांगरट करून देतो, चार गावं त्याच्या शब्दावर चालतात. त्याच्या आजोबांची ओढ्याकाठची जमीन मैदानात गेली. प्रचारात माझी जीप बंद पडली की हाच दोर बांधून ओढायचा. "साहेब, नांगर पाजळून ठेवलाय. तुम्ही नुसतं हो म्हणा," असं सांगून गेला.

दुपारी शेजारच्या पोस्टमास्तरीणबाई आल्या. पंचेचाळीसच्या पुढच्या असतील, जाड भिंगाचा चष्मा, डाव्या हाताला अंगठा आणि एकच बोट. कुठल्यातरी यंत्रात गेली असावीत, पण विचारणं बरं दिसलं नाही.

"कर्नलसाहेब, जमीन द्यायच्या आधी तिथं कोणी फिरून बघणार आहे का?"

मी म्हटलं, "बाई, प्रत्येक सरावानंतर प्रमाणपत्र होतं. 'मैदान निर्धोक आहे' असं लिहून अधिकारी खाली सही करतो."

"आणि माणसं जखमी झाली ती?"

"भंगार वेचायला घुसायचे लोक. पाट्या लावल्या होत्या. त्याला कोण काय करणार?"

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग विचारलं, "तुम्हीपण होतात ना इथं सरावाला? कुठल्या साली?"

मी साल सांगितलं. सत्तावीस वर्षांचा कॅप्टन होतो, सुरक्षा अधिकारी होतो, तेही सांगितलं. मग त्यांनी बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. तोफा कुठे मांडल्या होत्या, निरीक्षण चौकी कुठल्या टेकडीवर, गोळे ओढ्याच्या अलीकडे पडायचे की पलीकडे. मी टेबलावर शाईची बाटली, टाचण्यांची डबी आणि चहाचे दोन कप मांडून सगळं समजावलं. तास कसा गेला कळलं नाही. बाईमाणसाला तोफखान्याची इतकी आवड मी पहिल्यांदा पाहिली. निघताना म्हटलंही, "तुम्ही सैन्यात असायला हव्या होतात."

"घेतलं नसतं हो मला," म्हणाल्या, आणि गेल्या.

१४ मार्च

फत्ते! माझा प्रश्न सातव्या क्रमांकावर होता, वेळ संपता संपता पुकारला गेला. मंत्र्यांनी जाहीर केलं की मैदान १५ एप्रिलला चारही गावांच्या ताब्यात देणार. वेगळी तपासणी करायची गरज नाही, कारण सरावाच्या शेवटच्या तीस वर्षांची सगळी प्रमाणपत्रं सैन्याने दिलेली आहेत, ती पटलावर ठेवली आहेत.

समोरच्या बाकावरून कोणीतरी उठून कागदावर काय भरवसा असं काहीसं पुटपुटलं. मी लगेच उभा राहिलो. म्हटलं, "या कागदावरची सही म्हणजे सैनिकाचा शब्द आहे. त्या मैदानाच्या प्रमाणपत्रावर मी स्वतः सही केली आहे." बाकं वाजली. आमच्या पक्षाचे प्रतोद, म्हणजे सभागृहात आम्ही कधी बोलायचं आणि कधी नाही हे ठरवणारे गृहस्थ, स्वतः येऊन पाठीवर थाप मारून गेले.

हिने घरी आठ गुण दिले. दोन कशाचे कापले विचारलं, तर म्हणाली आवाजाचे.

१६ मार्च

ट्रॅक्टरवाल्याने वेशीपासून मला ट्रॅक्टरवर बसवून आणलं. सारखा भोंगा वाजवत होता. म्हातारी माणसं हात धरून रडली. एका आजोबांनी विचारलं, "माझ्या विहिरीचा काठ अजून दिसत असंल का रे?" आयुष्यात पदकं मिळाली, पण असा दिवस नव्हता मिळाला.

पोस्टमास्तरीणबाई मात्र पोस्टाच्या खिडकीमागून बाहेर आल्या नाहीत. टपालाचा दिवस असेल.

१७ मार्च

हे आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण नोंदवहीत एक पान कोरं सोडलं की पुढची सगळी खोटी होतात, असं मीच पोरांना शिकवायचो.

न्याहारीनंतर ही पटलावरचे ते कागद वाचत बसली होती. हातात लाल पेन. मी म्हटलं, अगं, सरकारी कागद आहेत, त्यांना कसले गुण देतेस?

"अहो, हे बघा," ती म्हणाली. "तीन रकाने आहेत. झाडलेले गोळे, फुटलेले गोळे, आणि हे तिसरं काय?"

तिला सांगितलं. तोफेपाशी एक जण किती गोळे झाडले ते मोजतो. टेकडीवरच्या चौकीत दुसरा किती फुटले ते मोजतो. दोन्हींतला फरक म्हणजे जमिनीत न फुटता पडून राहिलेले. आम्ही त्यांना ब्लाइंड म्हणतो. ते एकेक शोधून, शेजारी सुरुंग लावून उडवायचे आणि मगच सही करायची. तिसरा रकाना त्यांचा.

"पहिल्यातून दुसरा वजा केला की दर वेळी तिसरा येतो. तीस वर्षं. एकदाही एकाचाही फरक नाही."

"मग? शिस्त म्हणतात याला."

"माझ्या वर्गात चाळीसच्या चाळीस मुलांची सगळी गणितं बरोबर आली, तर मी शिस्त नव्हते म्हणत."

"काय म्हणायचीस?"

"सगळ्यांना परत पेपर द्यायला बसवायचे."

मला राग आला. बावीस वर्षं सीमेवर राहिलेल्या माणसासमोर बसून ही सैन्याला कॉपी करणारी पोरं म्हणते! पान चौसष्टवर माझी सही होती. ते पान तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, थांब, त्या वर्षीची माझी डायरीच दाखवतो, मग बोल. माळ्यावरून ट्रंक काढली, डायरी शोधली, आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचायला लागलो. जसंच्या तसं उतरवतो:

"शेवटचा दिवस. झाडले २१४, फुटले २११. ब्लाइंड तीन. दोन मिळाले, उडवले. तिसरा ओढ्याच्या वळणापाशी, मिळाला नाही. ढग खाली आले होते, गाड्या ओळीत उभ्या. थोरले साहेब म्हणाले, चिखलात गेला असेल, तीन लिही आणि चल. तीन लिहिलं. मेसमध्ये अंडी झकास होती. सर्दी बरी आहे."

'तिसरा' या शब्दापाशी आवाज थांबला होता. बाकीचं मनात वाचलं. हिने लाल पेनला टोपण लावलं. कागद गोळा केले आणि चहा टाकायला आत गेली.

पस्तीस वर्षांत हे मला एकदाही आठवलं नाही. खोटं लिहिलं याची लाज वाटतेच, पण त्याहून जास्त लाज त्या अंड्यांची वाटते.

१८ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. दोघांनी मिळून गच्चीतल्या सगळ्या कुंड्या धुतल्या.

२० मार्च

प्रतोदांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं, डायरी दाखवली. त्यांनी शांतपणे वाचलं. मग चहा मागवला, दार लावून घेतलं.

"कर्नलसाहेब, ही डायरी आणखी कोणी पाहिली?"

"बायकोने."

"मग घरातच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडताय?"

मी म्हटलं, तिथे नांगर चालणार आहे.

"अहो, पस्तीस वर्षं झाली. एवढ्यात तर लोखंडाचं पीठ होतं. आणि गोळा एक! त्या एका गोळ्यासाठी चार गावांची जमीन अडवणार तुम्ही? लोक काय म्हणतील, विचार केलाय? परवा सभागृहात छाती ठोकून बोललात, आता उठून तेच खोटं म्हणायचं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात." मग आवाज मऊ करून म्हणाले, "बरं, माजी सैनिक कल्याण समितीचं अध्यक्षपद रिकामं आहे. माझ्या डोक्यात तुमचंच नाव होतं. योगायोग बघा, आजच बोलणार होतो."

माझ्या कामाची पक्षात दखल घेतली जाते आहे, हे ऐकून खरं सांगायचं तर बरं वाटलं. समिती मिळाली तर कितीतरी विधवांची अडलेली कामं मार्गी लावता येतील. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "समिती गोळा सापडायच्या आधी मिळणार की नंतर?" तिच्या जिभेला हाड नाही.

२१ मार्च

दिवसभर स्वतःशी भांडलो. एक मन म्हणतं, चिखलात गंजून संपला असेल. पण नव्या पोरांना मीच शिकवायचो की गोळा जितका जुना तितका चिडका. दुसरं मन म्हणतं, बोललास तर जमीन पुन्हा सात वर्षं अडकेल, विहिरीवाले आजोबा तोवर राहतील का? आणि या दोघांच्या मागे एक तिसरं बसलंय, ते म्हणतं, माझी अब्रू. ते कमी बोलतं, पण हलत नाही.

दुपारी जमीनवाटपाची यादी उघडली. ओढ्याच्या वळणाची जमीन ट्रॅक्टरवाल्याची आहे.

२३ मार्च

बसने मतदारसंघात आलो आणि कार्यालयात न जाता थेट पोस्टात गेलो. निवृत्तिवेतनाचा दिवस होता. खिडकीपुढे म्हातारे बाकावर बसलेले, त्यातले निम्मे माजी सैनिक. मला बघून दोघे-तिघे ताठ उभे राहिले. तेव्हा फार अवघडल्यासारखं झालं. गर्दी ओसरेपर्यंत बसलो, मग बाईंनी आत बोलावलं. पार्सलांच्या गोण्यांमध्ये एक स्टूल दिलं.

वाटेत मी त्यांच्या हाताचा विचार करत आलो होतो. यंत्र नव्हतं ते, एवढं माझ्या डोक्यात उजेड पडायला पस्तीस वर्षं आणि वर पंधरा दिवस लागले. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "बाई, तुमच्या हाताला मी जबाबदार आहे. माफी मागायला आलोय."

त्यांनी साल पुन्हा विचारलं. मी सांगितलं.

"माझं त्याच्या आदल्या वर्षी झालं," त्या म्हणाल्या. "शेळी सुटली होती, तिच्या मागं गेले. अकरा वर्षांची होते. भंगार बिंगार काही नाही."

खरं लिहितो. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. तो मी नव्हतो! एक श्वासभर वाटलं असेल. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचा अजून तिथंच आहे."

मग त्यांनी खालचा खण उघडून एक जाड वही काढली. वर पार्सलच्या खाकी कागदाचं कव्हर. आत आकडे, साल, टेकडी, ओढा, झाड, पावलांची मापं.

"निवृत्तिवेतन घ्यायला येतात ना हे सगळे, त्यांना बोलायला कोणी नसतं. मी विचारते, ते सांगतात. कुठं पडला, कुठं शोधायचा राहिला. मनात असतंच त्यांच्या. बावीस वर्षं लिहितेय. सदतीस जणांनी सांगितलंय. पण यावर सही करा म्हटलं, की सगळ्यांचा चष्मा घरी राहतो."

अडतिसावी नोंद माझी होती. तारीख ८ मार्च. तोफा कुठे, चौकी कुठे, सगळं मी टेबलावर मांडलेलं हुबेहूब. शेवटी त्यांच्या बारीक अक्षरात: 'तिसऱ्याचं काही बोलले नाहीत. आठवत नसावं.'

"तिसऱ्याचं तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"तुमच्या चौकीत फुटलेले गोळे मोजणारा जो होता, तो मागच्या वर्षी वारला. दर महिन्याला यायचा. फरक तीनचा होता आणि स्फोट दोनच ऐकले म्हणायचा. तुम्ही चांगले अधिकारी होतात असंही म्हणायचा."

मी पुन्हा म्हटलं, "मला माफ करा."

"माफीचं मी काय करू, कर्नलसाहेब? वळण कुठलं ते सांगा. ओढ्याला दोन वळणं आहेत."

मी सांगितलं. खालचं.

२६ मार्च

निवेदन लिहिलं. हिने तपासलं. 'परिस्थितीवशात' खोडलं. 'अनवधानाने' खोडलं, बाजूला लिहिलं, 'नाही'. 'तत्कालीन वरिष्ठांच्या आदेशानुसार' या ओळीवर पेन टेकवून माझ्याकडे बघत राहिली.

"हे ठेवायचंय?"

थोरले साहेब आता चौऱ्याऐंशीचे आहेत. मला पोटच्या पोरासारखं वागवलं त्यांनी. मी म्हटलं, नको. तिने रेघ मारली. दीड पानाच्या अकरा ओळी उरल्या.

२७ मार्च

अध्यक्षांनी वैयक्तिक खुलाशासाठी वेळ दिला. प्रतोद वळून वळून खूण करत होते, खाली बसा. मी खांबाला हात लावून उभा राहिलो. पाय कापत होते. रणांगणावर कापले नव्हते अशातला भाग नाही, पण तिथे सगळ्यांचेच कापतात.

वाचलं. १४ तारखेला मी या सभागृहाला सांगितलं की प्रमाणपत्रावरची सही म्हणजे सैनिकाचा शब्द. पान चौसष्टवरची सही माझी आहे आणि ती खोटी आहे. तीन गोळे शिल्लक होते, दोन सापडले, मी तीन लिहिलं. तिसरा गोळा आजही ओढ्याच्या खालच्या वळणावर आहे. त्याशिवाय आणखी सदतीस जागांची माहिती माझ्याकडे आहे. सगळी जमीन तपासल्याशिवाय ती कोणाच्याही ताब्यात देऊ नये.

खाली बसल्यावर विरोधी बाकावरचे ओरडायला लागले. आमच्याकडचेही ओरडत होते. काय म्हणत होते ते नीट कळलं नाही, पण एकाने केलेली खूण कळली. मंत्री माझ्याकडे न बघता कागद चाळत होते. बाहेर पडलो तेव्हा दाराशी उभा असलेला म्हातारा शिपाई हळूच म्हणाला, "चहा घेता का, साहेब?" त्याच्या स्टुलावर बसून घेतला.

२९ मार्च

ताबा देणं स्थगित. सैन्याचं सफाई पथक येणार, मुदत ठरलेली नाही. समितीचं अध्यक्षपद दुसऱ्या कोणाला तरी गेलं. माजी अधिकारी संघाचं पत्र आलं, वार्षिक संमेलनाला मी आलो नाही तर बरं. सहीखाली माझ्याच तुकडीतल्या मित्राचं नाव.

२ एप्रिल

थोरल्या साहेबांचा फोन. मी उभं राहून घेतला. हिने विचारलं, उभे का? मलाही माहीत नाही.

"वर्तमानपत्र वाचलं," ते म्हणाले.

"हो, सर."

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"सही माझी होती, सर."

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

"लिही म्हणून मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "तसं पत्र मी आज टाकलंय. तुमच्या अध्यक्षांना. पोचलं की कळव."

आवाज अगदी बसला होता, मध्ये मध्ये थांबत होते. या वयात हवा बदलली की त्रास होतोच. काळजी घ्या म्हणून सांगितलं.

१५ एप्रिल

आज मैदान मिळायचं होतं. चारही गावांची माणसं कार्यालयासमोर जमली. विहिरीवाले आजोबाही होते, ते मागे बसून राहिले. ट्रॅक्टरवाला पुढे.

"शब्द दिला होता तुम्ही!"

"हो."

"मतं घेतली आमची! तुमचं पाप निस्तरायला आमची जमीन अडवली! पस्तीस वर्षं झोपला होतात, आणखी तीन आठवडे झोपून राहायला काय झालं होतं?"

तो म्हणाला त्यात खोटं काय होतं? मी दारात उभा राहिलो. बसा म्हटलं, कोणी बसलं नाही. पुढच्या वेळी मत नाही, असं एकेकाने तोंडावर सांगितलं. अकराशेचं गणित मला येतं. मी तिथे पुन्हा निवडून येत नाही.

सगळे गेल्यावर पोस्टमास्तरीणबाई वही घेऊन आल्या. सदतीसपैकी एकतीस हयात आहेत. त्यातल्या चौदा जणांनी गेल्या आठवड्यात येऊन सह्या केल्या. एक जण खरंच चष्मा विसरला होता, तो घरी जाऊन परत आला.

७ मे

सफाई पथकाला सुरुवात करून बारा दिवस झाले. आज ओढ्याची पाळी. पथकाची अधिकारी एक तरुण कॅप्टन आहे. तिने मला जागा दाखवायला बोलावलं. दोऱ्यांनी चौकोन आखलेले, माणसं ओणवी होऊन इंच इंच सरकत होती. बघायला चार गावांतले लोक दूरच्या बांधावर आले होते. ट्रॅक्टरवालाही होता, माझ्याकडे पाठ करून.

मी दाखवलेल्या जागी काही नव्हतं. दीड तास गेला. वळण चुकलं की आठवण चुकली? कॅप्टन शांतपणे म्हणाली, ओढा पस्तीस वर्षांत सरकलेला असतो, सर. खालच्या बाजूला बघू. सत्तर पावलांवर, ओढ्याबाहेर, सपाट कोरड्या जमिनीत एका जवानाने हात वर केला. वीतभर खोल होता. ट्रॅक्टरवाल्याच्या आजोबांच्या शेताच्या बरोबर मधोमध.

सगळ्यांना मागे नेलं. सुरुंग लावला. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो फुटला. माती झाडाच्या उंचीपर्यंत गेली. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. हे सगळं एखाद्या सकाळी नांगराखाली होणार होतं आणि तेव्हा मी समितीच्या बैठकीत बसलेलो असतो.

धूळ बसल्यावर ट्रॅक्टरवाला माझ्याकडे चालत आला. चेहरा पांढराफटक. मारतो की काय असं वाटलं, आणि मारलं असतं तरी मी हात आडवा केला नसता. तो उजवीकडून आला होता, म्हणून बोललेलं नीट ऐकू आलं.

"नांगराचं पहिलं तास मी इथूनच धरणार होतो," तो म्हणाला. मग खड्ड्याकडे बघत राहिला. "पोरगी शेजारी बसून येणार होती. हट्टच होता तिचा."

मग तो माझ्याकडे वळला.

"साहेब, अजून किती आहेत?"

सदतीस जागा आहेत असं सांगता आलं असतं. पथक चांगलं आहे, लवकर संपेल, असंही सांगता आलं असतं. लोक ऐकत होते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि बांधावर जाऊन बसला.

"बरं," म्हणाला. "मग थांबतो."